खर्जाचें वाद्य, पायाखालचीं यंत्रें आणि घराच्या भिंती

पुस्तकी शिक्षणाबरोबर मुलांच्या हातीं एखादें वाद्य असावें, याविषयीं आमच्या वाचकवर्गांत आतां फारसा मतभेद उरलेला नाहीं. पेटी, तबला किंवा व्हायोलिन घ्यावयाचें झालें तर काय पाहावें हें घरांतील वडील मंडळींस ठाऊक असतें. नसलें तर आळींत कोणी ना कोणी जाणता सांपडतो. परंतु मुलगा अगर मुलगी 'बेस गिटार' घेऊन घरीं आली आणि महिन्याभरानें 'पेडल' म्हणविणाऱ्या लोखंडी डब्यांची यादी वडिलांपुढें ठेवली, कीं सर्वांची मति कुंठित होते. वाद्य तर आणून दिलें, आतां हे डबे कशाला, हा आजोबांचा प्रश्न रास्त आहे. आणि त्यास 'तुम्हांला त्यांतलें कळत नाहीं' हें उत्तर पुरेसें नाहीं. या महिन्यांत त्याच प्रश्नाचा विचार करावयाचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम वाद्याविषयीं. याचें काम मिरवण्याचें नसून तोलून धरण्याचें आहे. गायनांत तंबोऱ्याची खर्जाची तार व तबल्याबरोबरचा डग्गा हीं जें करतात, तेंच पाश्चात्य मेळांत बेस गिटार करते. ती वाजत असतां कोणाचें लक्ष जात नाहीं, ती थांबली कीं सर्वांस चुकल्याचुकल्यासारखें होतें. तिच्या चार तारांचीं आंदोलनें सेकंदास सुमारें 41, 55, 73 व 98 असतात. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सुमारें 69 आंदोलनांचा असतो, म्हणजे ही गिटार त्याहूनहि पुष्कळ खालीं उतरते. पूर्वीं हें काम माणसाहून उंच असा 'डबल बेस' करीत असे, आणि तो गाडींतून नेणें ही एक शिक्षाच होती. 1951 सालीं कॅलिफोर्नियांतील फुलर्टन येथें लिओ फेंडर यांनीं खांद्यास अडकवतां येणारी, पडदे बसविलेली विजेची बेस गिटार बाजारांत आणली. पडद्यांमुळें स्वर नेमका लागतो म्हणून तिचें नांव 'प्रिसिजन' ठेवलें. तेव्हां वाहून नेण्याची सोय ही या वाद्याच्या प्रसाराचीच एक कारण आहे. ती आजच्या मुलांची चैन नव्हे. हें मुलांचेंच वाद्य आहे असेंहि कोणी समजूं नये. मुंबईच्या मोहिनी डे यांनीं या वाद्यावर जगांत नांव मिळविलें आहे, आणि त्यांचे पहिले गुरु त्यांचे वडीलच होत.

आतां डबे. गिटारींतून तारेवाटे जो विजेचा क्षीण प्रवाह निघतो, तो ध्वनिवर्धकाकडे जाण्यापूर्वीं वाटेंत अडवून त्याचें रूप पालटणारें यंत्र म्हणजे पेडल. हात वाजविण्यांत गुंतलेले असतात, म्हणून त्याची कळ पायानें दाबतात, एवढाच त्या नांवाचा अर्थ. गंमत अशी कीं, या डब्यांपैकीं जो सर्वांत प्रसिद्ध, तो 'फझ' म्हणजे फाटक्या आवाजाचा डबा, बेसच्याच पोटीं जन्मला. 1961 सालीं प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या एका गीताच्या मुद्रणाचे वेळीं नॅशव्हिल येथें यंत्राचा एक भाग बिघडला, आणि ग्रेडी मार्टिन यांच्या सहा तारी बेस गिटारचा सूर भुंग्यासारखा घरघरूं लागला. तो पुसून न टाकतां तसाच ठेवला. लोकांस तो आवडला. आणि तेथील ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनीं तीच बिघाडी मुद्दाम उत्पन्न करणारें यंत्र रचलें. 1962 सालीं तें 'मेस्ट्रो फझ-टोन' या नांवानें विक्रीस आलें. बिघाडाची अशी किंमत येणें हें पाश्चात्य संगीतांतच संभवतें असें आमचे जुने मित्र म्हणतील. पण तंबोऱ्याची जवारी ही तरी तारेच्या निर्मळ सुरांत बुद्ध्या घातलेली झणकारच ना?

खरेदीच्या क्रमाविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षीं सूर जुळविण्याचा 'ट्यूनर' याखेरीज दुसरा डबा घेऊं नये. खालच्या स्वरांत कानास चूक लवकर उमगत नाहीं, म्हणून हें यंत्र नवशिक्यास खरोखर उपयोगी पडतें. तें गिटारच्या डोक्यास चिमट्यासारखें लावावयाचें मिळालें तर अधिकच स्वस्त. पुष्कळ विक्रेते प्रथम 'कॉम्प्रेसर' पुढें करतात. तो मोठा आघात दाबतो व लहान उचलतो, त्यामुळें सर्व स्वर सारख्या वजनाचे ऐकूं येतात. व्यासपीठावर त्याचा उपयोग निःसंशय आहे. परंतु हात कच्चा असतां तो घेणें म्हणजे अक्षर वळण्यापूर्वीं टंकलेखनयंत्र देण्यासारखें आहे. बोटांतील असमानता मुलास स्वतःस ऐकूंच येत नाहीं, मग ती जावी कशी?

मूल गॅदरिंगमध्यें अगर मंडपांत वाजवूं लागलें म्हणजे मात्र जो डबा पैसे वसूल करतो तो 'प्रीअँप' व 'डीआय' असा जोड गुणांचा. एका टोकास गिटार लावावी, दुसऱ्या टोकाची तीन कांट्यांची तार थेट सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थेस द्यावी. स्वर घडतोहि आणि लांबलचक तारेंत गुणगुण शिरत नाहीं. डेट्रॉइटच्या मोटाउन संस्थेचे थोर वादक जेम्स जेमर्सन यांची कित्येक ध्वनिमुद्रणें गिटार अशीच थेट मुद्रणयंत्रास जोडून झालेलीं आहेत, आणि त्यांच्या पायाखालीं पेडलांची रांग नव्हती. सॅन्सअँप नांवाचा या जातीचा डबा 1994 पासून बाजारांत आहे. इतरहि पुष्कळ आहेत.

येथें एका फसगतीची सूचना देणें अवश्य आहे. साध्या गिटारसाठीं केलेलीं फाटक्या आवाजाचीं पेडलें बेसला चालतात असें सांगून खपविलीं जातात. चालतात हें खरें. पण त्यांतील बरींच यंत्रें खालचीं आंदोलनें मुद्दाम गाळून टाकतात, कारण साध्या गिटारला त्यांची गरज नसते. परिणामीं डबा सुरू केला कीं आवाज मोठा झाल्याचा भास होतो आणि खर्ज मात्र नाहींसा होतो. म्हणजे ज्यासाठीं वाद्य घेतलें तेंच गेलें. म्हणून बेससाठींच्या चांगल्या पेडलांत 'ब्लेंड' असा एक खुंटा असतो, त्यानें मूळ निर्मळ सूर व फाटका सूर हवे त्या प्रमाणांत मिसळतां येतात. दुकानांत परीक्षा करावयाची तर स्वतःची गिटार नेऊन सर्वांत जाड तारेवर सावकाश वाजवावें, डबा चालू-बंद करून पाहावा. वरच्या तारांवर भराभर वाजवून दाखविणाऱ्या विक्रेत्यास भुलूं नये. बाकीचे, म्हणजे सूर लाटेसारखा हलविणारा 'कोरस', एक सप्तक खालचा स्वर जोडणारा 'ऑक्टेव्ह', हे हौसेचे विषय आहेत. सप्तकाचा डबा रांगेंत आरंभीं ठेवावा, कारण त्यास स्वच्छ व एकेकटा स्वर लागतो, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. ज्यास सर्वच चाखून पाहावयाचे आहे, त्यानें दहा डबे न घेतां अनेक परिणाम एकांत असलेलें एखादें लहान यंत्र घ्यावें. झूम कंपनीचें बेससाठींचें 'एमएस-60बी' तळहाताएवढें असून टॉर्चच्या दोन सेलांवरहि चालतें; जुनें मिळालें तरी हरकत नाहीं.

ध्वनिवर्धकाविषयीं लोकांत अजून जुनी कल्पना आहे. 1969 सालचा अँपेग कंपनीचा 'एसव्हीटी' हा 300 वॅटचा राक्षस, त्याचें नुसतें डोकेंच चाळीस किलोंच्या घरांत जाई, आणि आठ कर्ण्यांची पेटी निराळी. पण त्याच कंपनीनें 1960 सालीं 'पोर्टाफ्लेक्स' ही पेटी काढली होती, तिचा यंत्रभाग वाजवून झाल्यावर उलटा करून पेटींतच बसवितां येई. आज नव्या पद्धतीच्या विद्युद्रचनेमुळें शेंकडों वॅटचें डोकें दोन-तीन किलोंत मिळतें व पाठपिशवींत मावतें. लोकलनें जाणाऱ्या विद्यार्थ्यास ही मोठीच सोय आहे. घरच्या सरावास मात्र वीस-पंचवीस वॅटची, बेससाठींच केलेली लहान पेटी भरपूर होते.

खरी अडचण पुढेंच आहे. आमच्या पाहण्यांत अशीं कित्येक वाद्यें सहा महिन्यांत माळ्यावर गेलीं, आणि त्याचें कारण मुलांचा आळस नसून शेजाऱ्यांच्या तक्रारी व घरांतील रोजची कटकट हें होतें. याचा दोष कोणावर घालण्यापूर्वीं थोडें शास्त्र पाहावें. 41 आंदोलनांच्या ध्वनीची एक लाट सुमारें सव्वाआठ मीटर, म्हणजे सत्तावीस फूट लांब असते. आमच्या खोल्या दहा-बारा किंवा फार तर चौदा फुटांच्या. चौदा फुटांच्या आंतल्या अशा खोलींत मधोमध बसलेल्या वादकास स्वतःचा खर्ज क्षीण ऐकूं येतो, आणि भिंतीशीं व कोपऱ्यांत तोच दणाणतो. शिवाय मंद आंदोलनें विटांच्या भिंतीस फारशी जुमानीत नाहींत. बोलणें अडतें, खर्ज पलीकडे जातो. मुलगा म्हणतो आवाज येतच नाहीं आणि बटण वाढवितो. शेजारच्या खोलींत आजींच्या उशाशीं पाण्याचा तांब्या थरथरतो. दोघेंहि खरें बोलत असतात! पेटी कोपऱ्यांतून काढून, जमिनीवरून उचलून जाड गादीच्या तुकड्यावर ठेवावी, आणि बसण्याची जागा खोलीच्या मध्यापासून हलवावी. एवढ्यानें बटण पुष्कळ खालीं येतें.

तरीहि एकत्र कुटुंबांत संध्याकाळनंतर कर्णफोनच खरा. गिटारच्या छिद्रांतच बसणारे आंगठ्याएवढे लहान वर्धक मिळतात, त्यांस मोबाइलवरील साथहि जोडतां येते. यांत दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. बिनतारी ब्लूटूथ कर्णफोनांत स्वर बहुधा सेकंदाच्या दशांशाहूनहि उशिरां पोंचतो, त्यामुळें हात पुढें व कान मागें राहून लय बिघडते; वाजवितांना तारेचाच घ्यावा. दुसरी गोष्ट कानांची. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांस 80 डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्यास 40 तास ही सुरक्षित मर्यादा सांगितली असून मुलांसाठीं ती 75 धरली आहे. आवाज वाढला कीं ते तास झपाट्यानें कमी होतात. खालचे स्वर कानास मुळांतच मंद वाटतात, म्हणून बेस वाजविणारा कर्णफोनाचा आवाज इतरांपेक्षां अधिक वाढवितो. समोर बसलेल्या माणसाचें साधें बोलणें कर्णफोन लावूनहि कळत असेल तर चाललें आहे असें मानण्यास हरकत नाहीं. कान एकदां गेले कीं परत येत नाहींत, हें मुलास एकदांच पण नीट सांगावें.

शेवटीं विजेची गोष्ट, कारण बहुतेक डबे बिघडतात ते तेथेंच. पेडलें बहुधा 9 व्होल्टवर चालतात आणि त्यांच्या खुंटीच्या मध्यभागीं ऋण टोंक असतें. घरांतील कीबोर्डच्या अ‍ॅडॉप्टरची खुंटी कित्येकदां तशीच दिसते, पण त्याचे व्होल्ट निराळे व टोंकें उलटीं असूं शकतात. लावून पाहण्याच्या भरांत डबा जळतो. अमेरिकेंतून येणाऱ्या नातेवाइकांनीं आणलेल्या अ‍ॅडॉप्टरवर 100 ते 240 असा आंकडा आहे कीं केवळ 120, हें भिंतींत खोंवण्यापूर्वीं वाचावें. आपल्या घरांत 230 व्होल्ट असतात. स्वस्त अ‍ॅडॉप्टरची गुणगुण आपल्याकडील विजेच्या 50 आंदोलनांशीं व त्यांच्या पटींशीं निगडित असते, म्हणजे नेमकी बेसच्याच मुलुखांत, आणि म्हणून ती साध्या गिटारपेक्षां येथें अधिक जाचते. अनेक पेडलें असतील तर प्रत्येकास अलग प्रवाह देणारी पेटी घ्यावी, व तिच्यावर लिहिलेले मिलिअँपियर यंत्राच्या गरजेहून कमी नाहींत हें पाहावें. सेलवर वाजवीत असल्यास, वाजवून झाल्यावर पेडलांत खोंवलेली गिटारची तार उपटून ठेवावी. ती आंत असेपर्यंत कळ बंद असली तरी सेल खर्च होतच राहतो, आणि दुसऱ्या दिवशीं मुलगा नव्या सेलसाठीं पैसे मागावयास येतो.