बोडीतले पोहणे समुद्रात कामी येत नाही

सुटी लागली की आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे मुंबई पाहायला निघतात. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसले की दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. मग गिरगाव चौपाटी, जुहू, वर्सोवा, आक्सा, गोराई असे एकेक किनारे पाहण्याचा बेत ठरतो. बेत उत्तमच आहे. मोकळी हवा आणि ओल्या वाळूवर चालणे शरीराला व मनाला हितकारक असते. मात्र किनारा पाहणे वेगळे आणि पाण्यात उतरणे वेगळे.

आपला जिल्हा तलावांचा. इथली मुले बोडीत, तलावात, वैनगंगेत पोहायला शिकतात आणि हाच आत्मविश्वास समुद्रावर घात करतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी कधी कधी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने परत आत जाते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते. पट्टीचा पोहणाराही त्या ओढीविरुद्ध पोहून थकतो आणि बुडतो.

प्रत्येक किनाऱ्याचा स्वभाव निराळा. गिरगाव आणि जुहू हे फेरफटका, सूर्यास्त आणि भेळ यांसाठी. तेथील पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळते, तेव्हा अंगावर जखम असल्यास पाण्यापासून दूरच राहावे. पावसाळ्यात तेथे दंश करणारे जेलीफिशही येतात. ऑगस्ट २०१८ मध्ये अनेकांना त्यांचा त्रास झाला. आक्सा दिसायला रम्य, पण बुडण्याच्या घटनांमुळे कुप्रसिद्ध.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळाही नव्हता. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर शाळा-महाविद्यालयांनी एकाही विद्यार्थ्याला पाण्यात उतरू देऊ नये. पालकांनीही संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी शिक्षकांना हे विचारावे. त्यात संकोच कसला?

भरतीची वेळ घरच्या कॅलेंडरवरूनही काढता येते. कोकणातील जुना आडाखा असा: पक्षातील तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला सुमारे ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता पूर्ण भरती; त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा केवळ अंदाज आहे. किनाऱ्यावर पोचल्यावर जीवरक्षकाला किंवा स्थानिक कोळी बांधवांना विचारावेच.

ओढीत सापडल्यास घाबरू नये. किनाऱ्याकडे झुंजत न जाता तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी. शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर यावे. बुडणाऱ्यामागे उडी न घेता दोर किंवा झाकण लावलेला रिकामा डबा फेकावा.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार आपल्याकडेही चालतात. त्यात मोलाची मिनिटे वाया जातात. श्वास बंद असेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे समुद्रावर जितके खरे, तितकेच आपल्या गावच्या बोडीवरही.

समुद्र जरूर पाहा. पाय भिजवा, मुलांना वाळूत खेळू द्या. पण त्याला बोडी समजू नका.