टोल माफ, रोहित्राचे काय?
समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफी देऊन राज्याने 2025च्या धोरणात मोठे मन दाखवले. महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्टही त्यात आहे. अंतर ठरले, पण क्षमतेचे काय? 50 युनिटांची बॅटरी 7 किलोवॅटच्या चार्जरवर भरायला सात तास लागतात. 120 किलोवॅटच्या यंत्रावर, गाडी तेवढी वीज घेऊ शकत असेल तर, अर्धा-पाऊण तास पुरतो. नागपूरहून समृद्धीने 701 किलोमीटर जाणाऱ्या कुटुंबाला सात तासांची सोय काय कामाची? 120 किलोवॅटची चार यंत्रे एकाच वेळी चालली तर भार 480 किलोवॅटवर जातो. त्यासाठी उच्चदाब जोडणी आणि स्वतंत्र रोहित्र हवे. फीत कापायला मात्र यंत्रच बरे दिसते! केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी 2,000 कोटी रुपये आहेत. त्यातला राज्याचा वाटा आधी वाहिन्या आणि रोहित्रांवर खर्च व्हावा, आणि महामार्गावरील प्रत्येक जोडणी किती दिवसांत देणार, हे महावितरणने जाहीर करावे.