सूर्यनारायण, मार्फत व्हेंडर

आमच्या गच्चीवर आजवर काय काय चढलं याची यादी केली, तर ती एखाद्या जप्तीच्या पंचनाम्यासारखी होईल. हजार लिटरची काळी टाकी चढली. म्हणजे भरली की एक टन वजन, साधा हिशेब आहे. दोनशे लिटरचा सोलरचा बंब चढला. टीव्हीची तबकडी चढली. दर उन्हाळ्यात कुरडया आणि सांडगे चढतात आणि कावळ्यांपासून त्यांची राखण करायला मातोश्री चढतात. पुतण्याच्या मुंजीत तर मांडव चढला आणि त्याखाली दीडशे पानं उठली. यांतल्या एकाही प्रसंगी कुणी मला विचारलं नाही, की बाबा रे, तुझा स्लॅब काय म्हणतो? आता तिथे सगळी मिळून पावणेदोनशे किलोंची सहा सौर पॅनेलं ठेवायची म्हटल्यावर मात्र साऱ्या सरकारला माझ्या गच्चीची काळजी लागली आहे.

तुम्ही म्हणाल, पॅनेलात वीज असते, कुरडईत नसते. मान्य. त्या विजेकडे मी येणारच आहे. पण आधी माझी मागणी काय आहे ती ऐकून घ्या. मला हे काम स्वतः करायचं आहे. कोन मोजायचा, लोखंडी सांगाडा उभा करायचा, बोल्ट आवळायचे, पॅनेलं दक्षिणेकडे तोंड करून बसवायची. आपल्या भागात अठरा-वीस अंशांचा उतार पुरतो. शाळेतला कोनमापक त्याला चालतो. वायरिंग मी करणार नाही. ते माझा मेव्हणा करणार, आणि मेव्हण्याकडे राज्य सरकारचा विद्युत ठेकेदाराचा परवाना आहे. सगळे मेव्हणे असतात तसा तो नाही, हे मी त्याच्या बहिणीच्या गैरहजेरीतही म्हणेन.

स्वतः करण्याची ही हौस आपल्या कायद्याला पहिल्यापासून पसंत नाही. १९५६ सालच्या भारतीय विद्युत नियमांतल्या ४५व्या नियमाने सामान्य माणसाला आपल्याच घरात काय करता येईल ते सांगून ठेवलं होतं: दिवा, पंखा, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणं बदलायची, तीसुद्धा मूळच्या जोडणीची क्षमता न बदलता. बाकी सारं परवानाधारक ठेकेदाराने करायचं. २०१० साली नवे विनियम आले, त्यांनीही सवलत तेवढीच ठेवली. माझी याविषयी मुळीच तक्रार नाही. विजेचा धक्का बसलेला माणूस मी जवळून पाहिला आहे. पुढे दोन दिवस तो बायकोचं सगळं ऐकत होता. म्हणूनच तर मेव्हणा.

पण अर्ज घेऊन आम्ही दोघे गेलो, तेव्हा खिडकीमागच्या साहेबांनी परवान्याकडे पाहिलंदेखील नाही. म्हणाले, "यादीतला व्हेंडर कोण?"

मी म्हटलं, "हे ठेकेदार आहेत."

"ते ठीक आहे हो. व्हेंडर कोण?"

मेव्हणा स्वभावाने शांत. तो एवढंच म्हणाला, "साहेब, तुम्ही बसलाय त्या खोलीचं वायरिंग मीच केलंय." साहेबांनी एकदा वर पंख्याकडे पाहिलं, खुर्ची किंचित मागे घेतली आणि म्हणाले, "पण ते सोलर नव्हतं."

म्हणजे सिनेमा थिएटर असो की सरकारी कचेरी, विजेची जोडणी करायला हा मनुष्य लायक. माझ्या सहा पॅनेलांना नालायक. का, तर एका यादीत त्याचं नाव नाही. आणि यादीत नाव यायला काय लागतं? २०२२ सालच्या पद्धतीत व्हेंडरने वीज कंपनीकडे अडीच लाखांची बँक गॅरंटी ठेवायची होती. आता बँक गॅरंटी म्हणजे काय हे निदान मला तरी कुणी सांगू नये. गॅरंटीचा कागद त्या माणसाकडे पत आहे एवढं सांगतो. त्याला पाना कुठल्या बाजूने फिरवायचा ते कळतं की नाही, याबद्दल तो कागद मौन पाळतो.

गंमत पुढेच आहे. जानेवारी २०२२ मध्ये तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी आढावा घेतला आणि मंत्रालयाने जाहीर करून टाकलं, की घरगुती ग्राहकाने यादीतल्याच व्हेंडरकडून काम करून घेण्याची गरज नाही. कुणाही व्हेंडरकडून करा किंवा स्वतः बसवा, आणि बसवल्यावर संचाच्या फोटोसह वीज कंपनीला कळवा, झालं. साधं पत्र टाकलं तरी चालेल! ते वाचून मी त्या दिवशी आनंदाने कोनमापक शोधून ठेवला. त्याच वर्षी ३० जुलैला राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं आणि त्यात यादी परत आली. अनुदान हवं तर नोंदणीकृत व्हेंडरच हवा. सहा महिन्यांत असा कुठला अपघात झाला, की 'स्वतः बसवा' हे शब्द गच्चीवरून खाली पडले? कुणी सांगितलं नाही. वरून आलेल्या चांगल्या गोष्टी खाली पोचेपर्यंत अशाच सुकतात.

अनुदानाबद्दल माझा आक्षेप नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांसाठी जी 'पीएम सूर्य घर' योजना आली, तिचा तक्ता मला वाणिज्य शाखेचा म्हणून फार आवडला: पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, एकूण ७८,०००, चौथ्यापासून सूर्य तुमचा तुम्ही पाहा. ज्याचा पैसा त्याच्या अटी, हेही मला कळतं. पॅनेलं भारतात बनलेली हवीत, हरकत नाही. प्रत्येक पॅनेलाचा अनुक्रमांक द्या, देतो. पण बोल्ट कुणी आवळला यावर अनुदान का ठरावं?

त्याच महिन्यात ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती होऊन आणखी एक आनंदवार्ता आली. १० किलोवॉटपर्यंतचा अर्ज तांत्रिक व्यवहार्यता न तपासता मान्य झाला असं मानायचं. 'मानायचं' हा शब्द मात्र जरा जपून वाचा. 'मानीव अभिहस्तांतरण' नावाची एक गोष्ट महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांना ठाऊक आहे; ती मिळवताना किती सेक्रेटरी म्हातारे झाले ते त्यांनाच विचारा. माझा अर्जही मान्य मानला गेला आणि त्याच दिवशी अडकला. विजेचं बिल वडिलांच्या नावावर होतं. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत वीज कंपनीने दरमहा त्यांच्या नावे बिल पाठवलं, दरमहा पैसे घेतले, एकदा उशीर झाला तर त्यांच्याच नावे दंडही लावला. पैसे घेताना वडील हयात होते. सूर्य द्यायची वेळ आली तेव्हा वारले. मग मृत्यूचा दाखला, मिळकतीचा उतारा आणि नागपूरच्या भावाचं मुद्रांकावर संमतीपत्र. (भावाने संमती दिली, पण फोनवर विचारलं, "गच्चीत माझाही हिस्सा आहे ना? मग ऊन कोण वापरणार?" तो थट्टा करत होता असं आमच्या घरात बहुमत आहे.)

आता विजेकडे येतो. सहा पॅनेलं एका माळेत जोडली की भर उन्हात सुमारे तीनशे व्होल्टचा डीसी दाब तयार होतो. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगीला विझायला सवड मिळते. डीसीला तशी सवय नाही; कनेक्टर ढिला असला तर ती ठिणगी चिकटून बसते आणि आग लावते. दुसरं, वीज गेली असताना माझ्या गच्चीवरची वीज तारेत गेली, तर खांबावर चढलेला वायरमन हकनाक मरेल. म्हणून गावची वीज गेली की इन्व्हर्टरने आपोआप बंद पडायचं असतं. (म्हणजे बाहेर रणरणतं ऊन, डोक्यावर तीन किलोवॉट आणि घरात पंखा बंद. विकतानाच्या चोपडीत हे वाक्य बारीक अक्षरांतही नसतं.) तिसरं, तीन अर्थिंग लागतात: एसीचं, डीसीचं आणि आकाशातल्या विजेचं.

हे तिन्ही धोके खरे आहेत, आणि तिन्ही तपासता येतात. मेन स्विच बंद करा, इन्व्हर्टर थांबतो का पाहा. अर्थिंगला यंत्र लावा, आकडा वाचा. कनेक्टर ओढून पाहा. तासाभराचं काम. पण तपासतो कोण? समोरच्या काकांकडे यादीतल्या व्हेंडरने संच बसवला. दोन पोरं आली, चपला घालून पत्र्यावर नाचली, संध्याकाळी गेली. पुढे तपासणीला साहेब आले, त्यांनी खालूनच मान वर करून पॅनेलं मोजली, कागद पाहिले, चहा घेतला. मी विचारलं, "अर्थिंग पाहणार नाही?" ते म्हणाले, "व्हेंडर रजिस्टर्ड आहे ना!" बँकेत आम्ही नोटा मोजतो, नोटा आणणाऱ्याचं घराणं बघून न मोजता गल्ल्यात टाकत नाही. (केवायसीचा विषय इथे नको.)

माझ्याकडेही एक व्हेंडर येऊन गेला. गच्चीवर चढला नाही. म्हणाला, "काम तुमचं तुम्ही करा साहेब. सही माझी, पंधरा हजार. तुम्ही फक्त ओटीपी सांगायचा." सुरक्षिततेची ही जी किंमत त्याने सांगितली, तीत मेव्हण्याच्या परवान्याला काहीच सूट नव्हती.

जर्मनी हा देश नियमांच्या बाबतीत आपल्याला शिष्य करून घेईल असा आहे. तिथे रविवारी काचेच्या बाटल्याही कुंडीत टाकू देत नाहीत, आवाज होतो म्हणून. त्या देशाने मे २०२४ पासून ८०० वॉटच्या इन्व्हर्टरपर्यंत सज्जातली पॅनेलं माणसाला स्वतः लावून सॉकेटमध्ये जोडायला मोकळीक दिली. एका नोंदवहीत आपलं आपण नाव घालायचं, वीज कंपनीला वेगळं कळवायचंही नाही. मी सॉकेट मागत नाही. मला मेव्हणा पुरे आहे.

मी मागतो ते इतकंच, की जोडणीवर परवानाधारक ठेकेदाराची सही घ्या, मग तो यादीत असो नसो. तपासणीला माणूस पाठवा, त्याच्या हातात अर्थिंगचं यंत्र द्या आणि त्याला शिडी चढायला लावा. नापास झालो तर कारण लिहून द्या, पुन्हा बोलवतो. पास झालो तर मीटर बसवा आणि अनुदान द्या.

खिडकीमागच्या साहेबांना हे मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि कळवळून विचारलं, "अहो, मग व्हेंडरांनी काय करायचं?" ज्यांना गच्चीवर चढायचं नाही त्यांची कामं करावीत. आमच्या गल्लीत तसे सतरा जण आहेत, समोरचे काका धरून.