पैसा वेळेवर, दवाखाना जवळ

भोर, वेल्ह्याकडच्या एसटी सकाळी स्वारगेटला रिकाम्या होतात, तेव्हा उतरणाऱ्यांत तपासणीची फाईल घेतलेली एखादी गरोदर बाई असते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. सरकारी रुग्णालयातले बाळंतपण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून मोफत आहे. तरीही ससूनची एक फेरी म्हणजे एक दिवसाची बुडालेली मजुरी. गरिबी हटवणाऱ्या योजनांचा कस इथे लागतो.

आफ्रिकेत या प्रश्नाचा मोठा अभ्यास झाला आहे. केनियातील सियाया भागात ‘गिव्हडायरेक्टली’ संस्थेने २०१४ ते २०१७ दरम्यान दहा हजारांहून अधिक गरीब कुटुंबांना विनाअट सुमारे १,००० डॉलर दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, या घरांतील एक वर्षाखालील बालमृत्यू जवळपास निम्म्याने घटले. दवाखान्यातील बाळंतपणे वाढली, खाणे सुधारले आणि शेवटच्या महिन्यांत व बाळंतपणानंतर बायकांना अंगमेहनतीतून सुटका मिळाली. मात्र हा परिणाम सर्वत्र सारखा नव्हता. पैसा बाळंतपणाच्या सुमारास हाती आला आणि डॉक्टर असलेला दवाखाना अर्ध्या तासाच्या अंतरावर होता, तिथे तो सर्वाधिक दिसला.

आपल्याकडे काय आहे? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. त्यातले २,००० बाळाची जन्मनोंद आणि सुरुवातीचे लसीकरण झाल्यावर. २०२५-२६ मध्ये राज्यातला रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे ही सगळी रक्कम सोळा दिवसांच्या मजुरीएवढी. विश्रांती मात्र काही महिन्यांची हवी. ‘लाडकी बहीण’चे दरमहा १,५०० रुपये उपयोगी पडतात, पण ते २१ वर्षे पूर्ण झाल्यावरच. विसाव्या वर्षी आई होणारी मुलगी त्यातून सुटते.

केनियातली रक्कम इथे जशीच्या तशी देणे शक्य नाही. पण उपलब्ध पैशातला मोठा वाटा सातव्या महिन्यापासून पुढच्या तिमाहीत देता येईल. आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कायम हजर असेल, तर साध्या तपासणीसाठी स्वारगेट गाठावेच लागणार नाही. अर्ध्या तिकिटापेक्षा न करावा लागणारा प्रवास गरिबाला जास्त स्वस्त पडतो.