खांद्यावरच्या पिशवीपासून चषकापर्यंत

दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या सरकारी वसाहतीत संध्याकाळी फेरी मारली, तर इमारतींमधल्या मोकळ्या जागेत हमखास क्रिकेट रंगलेले दिसते. विटांचे स्टंप, टेनिसचा चेंडू आणि काच फुटली की पळापळ! गोल्फ इथल्या मुलांच्या वाट्याला येते ते टीव्हीवर. काही किलोमीटरवर झाकिर हुसेन मार्गाला दिल्ली गोल्फ क्लब आहे खरा, पण त्या फाटकातून आत जायचे तर सभासद तरी हवे, नाहीतर चाकरीला तरी.

अली शेर या दुसऱ्या वाटेने आत गेला. तो कॅडी होता. खेळाडूची काठ्यांनी भरलेली पिशवी खांद्यावर घेऊन अठरा होल त्याच्यामागे चालायचे, हे कॅडीचे काम. पण ते नुसते हमालीचे नव्हे. चेंडू झुडपात कुठे शिरला ते नजरेने टिपायचे, झेंडा किती यार्डांवर आहे ते सांगायचे, हिरवळीचा उतार कोणीकडे आहे ते साहेबांच्या आधी ओळखायचे. अशा शेकडो फेऱ्यांनंतर मैदान पाठ होते. त्यात दिल्लीचे हे मैदान भलतेच खट्याळ! लाल बंगल्यासारख्या जुन्या मकबऱ्यांच्या सावलीत, मोरांच्या सोबतीने खेळायचे. पण दोन्ही बाजूंना दाट झाडी. इथे ताकदीचा फटका झाडीत गडप होतो, सरळ फटका तरतो.

इंडियन ओपन स्पर्धा 1964 साली सुरू झाली. पहिले विजेतेपद ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनने नेले. पुढच्याच वर्षी बिलू सेठीने ती जिंकली, पण तो हौशी खेळाडू. गोल्फवर पोट असलेल्या एकाही भारतीयाला पुढची कितीतरी वर्षे तो चषक उचलता आला नाही. परदेशी खेळाडू यायचे, जिंकून जायचे.

1991 साली अली शेरने तो जिंकला, आणि तोही याच दिल्लीच्या मैदानावर! ज्या वाटांवर त्याने दुसऱ्यांच्या पिशव्या वाहिल्या, त्याच वाटांवर आता त्याची पिशवी दुसरा कोणी वाहत होता. त्या वर्षाचा अर्जुन पुरस्कारही त्याला मिळाला. घरच्या मैदानाचा फायदा झाला असेलच. का होऊ नये? ते मैदान त्याने पायांनी मोजले होते. शिवाय नुसता योगायोग म्हणावा, तर 1993 मध्ये त्याने ही स्पर्धा पुन्हा जिंकली.

त्यानंतर 1998 साली कोलकात्याचा फिरोज अली इंडियन ओपनचा विजेता ठरला. तोही मूळचा कॅडीच. दिल्ली क्लबातला शमीम खानही पिशव्या वाहता वाहता खेळ शिकला आणि पुढे भारतीय व्यावसायिक मालिकेत अव्वल ठरला.