ओवाळणी कुणाला?

अंबड तालुक्यात आमच्या बैठकीत एक बाई म्हणाली, "ताई, लाडक्या बहिणीचे पंधराशे आले, पण घरात टेकलेच नाहीत. मायक्रोफायनान्सच्या हप्त्याला गेले." सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

सरकारने २०२४ मध्ये या योजनेला वर्षाचे ४६,००० कोटी जाहीर केले, २०२५ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटी ठेवले. पुढारी भांडतात ते एवढ्यावरच : ही मदत, की मतांची लाच? पैसा आमच्या हक्काचा आहे, उपकाराचा नाही. पण तो जिरतो कुठे, हे कुणी विचारत नाही.

मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या व्याजावरची कमाल मर्यादा काढली. दर आता कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. त्याआधी २०२१ मध्ये मसुद्यावर मतं मागवली होती. हप्ता भरणाऱ्या बाईने आपलं मत पाठवायचं कुठून?

गव्हर्नर केंद्र सरकार नेमतं. १९३५ पासून त्या खुर्चीवर एकही बाई नाही. पण नुसती बाई बसवूनही भागणार नाही. के. जे. उदेशी २००३ मध्येच डेप्युटी गव्हर्नर झाल्या होत्या. प्रश्न बाईचा नाही, कर्जदार बाईचा आहे.

आंदोलन कसं करायचं हे जालन्याला शिकवायला नको. २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या उपोषणाने मुंबई हलवली. मग व्याजासाठी आपण का बसू नये? मर्यादा परत आणा, रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळावर कर्जदार बायांची प्रतिनिधी घ्या. नाहीतर बहीण आम्ही, आणि ओवाळणी कंपनीला!