जत्रेचे चार दिवस आणि वर्षाचा हिशेब

जोयडा तालुक्यातील उळवी हे बाराव्या शतकातील शरण चन्नबसवेश्वरांचे समाधिस्थान. माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे रथोत्सव होतो आणि धारवाड-बेळगावकडील भाविक आजही बैलगाड्या जुंपून रानवाटेने येतात. एरवी शांत असणाऱ्या या गावावर त्या दिवसांत जो भार पडतो, तो केवळ देवस्थानच्या व्यवस्थेचा प्रश्न नव्हे. तो तेथील व्यवसायाच्या नियोजनाचाही प्रश्न आहे, असे आमचे मत आहे.

जत्रेची गर्दी पाहून खोल्या बांधाव्यात, तर गर्दी सरल्यावर कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने उरतो. सामान्य दिवसाच्या बेताने चालावे, तर ऐन पर्वणीस यात्रेकरू तहानलेला परततो. कारखानदार मंदीत माल तयार करून गोदामात ठेवू शकतो. सेवेच्या धंद्यास ती सोय नाही. आज रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा विकता येत नाही.

म्हणून आधी क्षमता मोजली पाहिजे. समजा, एका खानावळीत ४० पाने मांडता येतात आणि पंगत अर्ध्या तासात उठते. चार तासांत आठ पंगती, म्हणजे ३२० माणसे जेवतील. परंतु चुलीवर तासाला ५० जणांचाच स्वयंपाक होत असेल, तर जेवणार २००च. तेथे आणखी पाट मांडणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. अडते कोठे, हे शोधून तेथेच खर्च केला पाहिजे. मग ती जागा चूल असो, पाणी असो, शौचालय असो वा रस्ता.

पूर्ण क्षमता वापरण्याचा हव्यासही घातक. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एर्लांग यांनी १९०९ साली टेलिफोनच्या मागणीचे गणित मांडले. त्यातून वाढलेले शास्त्र सांगते की, क्षमता जसजशी पूर्ण भरत जाते, तसतशी रांग बेसुमार वाढते. थोडी मोकळीक ठेवणे ही उधळपट्टी नव्हे.

काही मर्यादा तर पैशाने हटत नाहीत. गणेशगुडीचे राफ्टिंग सुपा धरणाच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर चालते; तराफे वाढवल्याने काळी नदीचे पाणी वाढत नाही. भोवतीचे अरण्य २००७ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले आहे. तेथे रस्ते आणि इमारती हव्या तशा पसरता येणार नाहीत, आणि येऊही नयेत.

तेव्हा मार्ग एकच. कायमची बांधकामे वर्षभराच्या मागणीपुरती करावीत. जत्रेची वाढीव गरज तंबू, फिरती शौचालये, पाण्याचे टँकर आणि जादा गाड्या भाड्याने आणून भागवावी. गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा वाटून द्याव्यात. देवस्थान, पंचायत आणि व्यावसायिक यांनी जत्रा संपताच एकत्र बसून, किती माणसे आली, कोठे खोळंबली, किती पाणी लागले, याची नोंद लिहून ठेवावी. पुढील माघाचे नियोजन त्या नोंदीवरून व्हावे. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय आता सोडलीच पाहिजे. तिची किंमत यात्रेकरू एकदा मोजतो, पण कर्ज काढून खोल्या बांधणारा जोयड्याचा तरुण ती वर्षानुवर्षे मोजत राहतो.